पाच देशांचं गोड आणि माझा निर्जळी उपवास

बसा, चहा घ्या. पण एक घोट घेऊन कप खाली ठेवा हं, मगच ऐका. मागच्या वेळी हे सांगत होते तेव्हा एका मैत्रिणीच्या नाकातून चहा आला, आणि सोफ्याचं कव्हर नवंकोरं होतं.

तर, माझी फजिती. तशा माझ्या खात्यावर फजित्या भरपूर आहेत, पण ही त्या सगळ्यांची पट्टराणी. आणि गंमत अशी की ह्या फजितीबद्दल माझा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, सगळं!

आधी मी कोण, काय करते, ते सांगते. मी मूळची परभणीची. हिंजवडीत एका कंपनीत टेस्टिंगला आहे. म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका शोधायच्या आणि त्यांना त्या गोड आवाजात सांगायच्या. त्याचा मला पगार मिळतो. माझ्या नवऱ्याला, सचिनला, हीच सेवा घरी फुकट मिळते.

आणि सुट्टीच्या दिवशी मी पॉप-अप करते. पॉप-अप म्हणजे काय, तर ज्याला दुकान नाही त्याचं एका दिवसाचं दुकान. टेबल मांडायचं, फळा लावायचा, संध्याकाळी सगळं गुंडाळून घरी! माझं सगळं गोडाचं. पण साधंसुधं गोड नाही हं. कंपनीने मला मध्ये काही महिने मलेशियाला पाठवलं होतं. तिथे मी काम किती केलं ते मॅनेजरला विचारा, पण खाल्लं मात्र अगदी मन लावून. एकेका गल्लीत मलय, चिनी, थाई, सगळ्यांच्या गोडाच्या गाड्या शेजारी शेजारी! परत आले ती डोक्यात खूळ घेऊनच. आशियातल्या गोडांची आपल्या गोडांशी सोयरीक जुळवायची.

जपानी मोची, आत पुरण. मोची म्हणजे चिकट तांदळाच्या पिठाचा मऊ गोळा, आपला मोदकच, फक्त कळ्या पाडायचा कंटाळा केलेला. थाई लोकांचा आंबाभात, पण आपल्या मुळशीच्या इंद्रायणी तांदळाचा. कोरियातली गुळाची पोळी, आत आपलं तीळकूट. हसताय काय? लोक रांगा लावतात! बरं, रांगा नाही लावत, पण येतात. लवासाला तळ्याकाठी टेबल मांडलं होतं तेव्हा गिऱ्हाइकांपेक्षा माकडं जास्त आली, ते सोडून द्या. त्यांनाही मोची आवडली.

आता मुद्द्याचं. आम्ही राहतो हिंजवडीजवळ जांबे गावात, एका सोसायटीत. घर एवढंसं. वॉशिंग मशीनवर मोची वाळत घातलेली, बाथरूममध्ये नारळांचं पोतं, आणि सचिन झोपतो तो फ्रीजरला टेकून. उन्हाळ्यात बरं पडतं म्हणतो, पण हिवाळ्यात त्याचा चेहरा बघवत नाही. आणि आमच्या गेटजवळ एक गाळा कधीचा रिकामा पडून होता. ऐसपैस, ओटा बांधलेला, नळ आतच. येता-जाता मी त्या गाळ्याच्या शटरकडे बघायचे आणि सुस्कारा टाकायचे. हा गाळा मिळाला ना, की माझं एका दिवसाचं दुकान रोजचं दुकान होणार!

गाळा कुणाला द्यायचा ते ठरवणार चेअरमन देशमुख काका. काकांना काय वाटतं ते ठरवणार देशमुख काकू. काका म्हणाले, "हे बघ वैशाली, एखाद्या सुट्टीच्या दिवशी क्लबहाऊसमध्ये करून दाखव. सोसायटीला आवडलं तर गाळा तुझा. नाहीतर इस्त्रीवाला मागे लागलाच आहे."

मी लगेच ऑफिसचं कॅलेंडर उघडलं. शुक्रवारी लाल चौकोन! शुक्रवार सुट्टी, पुढे शनिवार-रविवार, सगळे लोक घरी. अजून काय पाहिजे? सुट्टी कसली, ते त्या चौकोनात खाली बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. आता बारीक अक्षरं वाचणं हाच माझा पोटापाण्याचा धंदा. वाचली मी? नाही वाचली.

सोसायटीच्या ग्रुपवर दणक्यात मेसेज टाकला: "शुक्रवारी सुट्टीनिमित्त क्लबहाऊसमध्ये दुपारपासून पाच देशांचे गोड पदार्थ! रिकाम्या पोटी या!"

रिकाम्या पोटी या! अहो, हे शब्द माझे! नंतर कितीतरी दिवस मला ते आठवायचे आणि अंगावर काटा यायचा. मेसेज टाकला आणि ग्रुप म्यूट करून मी कामाला लागले, कारण आमच्या ग्रुपवर दिवसभर टँकर आणि पार्किंग ह्यावरून भांडणं चालतात.

शुक्रवारची सकाळ. भिजवलेल्या इंद्रायणीचं भलंमोठं पातेलं मी एका बाजूने धरलेलं, सचिनने दुसऱ्या बाजूने, आणि आमची वरात निघाली क्लबहाऊसकडे. गेटपाशी हिराबाईंचा टेम्पो उभा. हिराबाई म्हणजे मुळशी धरणाकडच्या गावच्या. घरची शेती, घरच्या शेळ्या, आणि आवाज असा की गेटवर बोलल्या की सातव्या मजल्यावर भाव कळतो. भाजी त्यांचीच, माझा इंद्रायणीही त्यांचाच. पण आज टेम्पोत भाजीचं पान नाही! नुसता रताळ्यांचा ढीग, आणि बाजूला कवठं.

"हिराबाई, आज भाजी नाही आणली?"

"आज कोन भाजी खातंय? आन् हे काय गं बाय, येवडा तांदूळ? कुनाचं लगीन हाय व्हय?"

"नाही हो, कार्यक्रम आहे माझा. पण भाजी का नाही खाणार कुणी?"

हिराबाईंनी माझ्याकडे नीट बघितलं. मग सचिनकडे. मग पुन्हा माझ्याकडे.

"शिवरात हाय आज. म्हाशिवरात! आख्खा गाव उपाशी हाय, आन् तुमी भात घालाया निघालाय?"

माझ्या बाजूने पातेलं खाली आलं. सचिनच्या बाजूने वरच राहिलं. त्यामुळे व्हायचं तेच झालं, वाटीभर तांदूळ गेटपाशी सांडला आणि हिराबाई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

"तुला माहीत नव्हतं?" मी सचिनवर खेकसले.

"मला वाटलं तुला माहीत असेल."

"आणि सकाळी ऑम्लेट खाताना तुला काही आठवलं नाही?"

"मीठ कमी आहे एवढं आठवलं," सचिन म्हणाला.

बघा, असा नवरा! आणि माझे पदार्थ आठवा. मोची? तांदूळ. आंबाभात? तांदूळ. कोरियन पोळी? मैदा. बाकीचे दोन? गहू आणि पुन्हा तांदूळ. उपवासाला न चालणाऱ्या सगळ्या गोष्टी मी पाच देशांतून शोधून आणल्या होत्या. ठरवून केलं असतं तरी इतकं नेमकं जमलं नसतं.

थांबा, अजून आहे. मी ग्रुप उघडला. माझ्या मेसेजखाली देशमुख काकांचा मेसेज. काकांच्या डोक्यात हे येऊच शकत नव्हतं की महाशिवरात्रीला कुणी मैद्याच्या पोळ्या विकेल. त्यामुळे त्यांनी माझा मेसेज आपल्या मनाने पूर्ण केला होता: "चि. वैशाली हिने महाशिवरात्रीनिमित्त पाच देशांच्या उपवासाच्या पदार्थांचा उपक्रम योजला आहे. स्तुत्य!"

आणि त्याखाली हात जोडलेल्या चित्रांची ही रीघ! "आम्ही घरी खिचडीच भिजवली नाही." "आमच्या सासूबाई पण येणार, त्यांना दात नाहीत, मऊ काही असेल ना?" "रिकाम्या पोटी या, किती छान शब्द! उपवासाचं मर्म!"

म्हणजे लोक येणार नाहीत ही भीती नव्हतीच. आख्खी सोसायटी येणार होती. उपाशी. माझ्या भरवशावर!

"सांगून टाकूया, चूक झाली म्हणून," सचिन म्हणाला.

"आणि गाळा? ह्या गाळ्यात इस्त्रीवाला बसलेला बघत मी रोज गेटमधून जाऊ?"

क्लबहाऊसच्या किचनमध्ये जाऊन मी ओट्यापाशी डोकं धरून बसले. अहो, खरंच रडू आलं मला. एवढी स्वप्नं बघितली त्या गाळ्याची, आणि घालवला तो एका लाल चौकोनापायी! हिराबाई पातेल्यामागोमाग आत आल्या होत्या. त्यांनी डबा उघडला, उकडलेलं रताळं काढलं, त्यावर गूळ आणि ओलं खोबरं घालून माझ्या हातात कोंबलं.

"खा आदी. रडायचं ते मंग रड."

मी घास घेतला. आणि हा घास लक्षात ठेवा हं, पुढे त्याची लई आठवण येणार आहे. घास तोंडात विरघळला आणि मी ताडकन उठले. ही चव मला माहीत होती! क्वालालंपूरच्या त्या गल्लीत एक बाई मोठ्या पातेल्यातून वाटीत ओतून द्यायची. काय असायचं त्यात? रताळी, साबुदाणा, नारळाचं दूध आणि गूळ!

रताळी, साबुदाणा, नारळ, गूळ! अहो, तो सगळा देश उपवासाचं खातो, फक्त उपवास करत नाही!

मग काय विचारता! डोकं असं धावायला लागलं म्हणून सांगू! जपानमध्ये रताळी तळून साखरेच्या पाकात घोळवतात, वर काळे तीळ. फिलिपिन्समध्ये केळी गुळसाखरेत परतून काडीला टोचून विकतात. श्रीलंकेत कवठाचा गर नारळाच्या दुधात आणि गुळात कालवतात. आणि थाई लोक शिंगाड्याचे तुकडे गार नारळाच्या दुधात सोडतात, त्याचे डबे तर आंबाभातावर घालायला आणलेले माझ्या पिशवीतच होते! मोजा देश. पाचच्या पाच!

"हिराबाई, टेम्पो मागे घ्या. सगळी रताळी माझी. कवठंसुद्धा!"

"सगळी? मंग मी घरी काय खाऊ?"

"तुम्ही इथेच खायचं!"

सचिनला नारळ, केळी आणि साबुदाण्यासाठी पिटाळलं. साबुदाणा भिजवायला वेळ कुठे होता? पण मलेशियात भिजवतच नाहीत! उकळत्या पाण्यात टाकतात, सारखा हलवत राहतात, पांढरा दाणा काचेसारखा झाला की गाळून गार पाणी. इकडे हिराबाई रताळ्यांची सालं काढायला बसल्या. दुपारपर्यंत किचनमध्ये असा घमघमाट सुटला की वॉचमन दोनदा डोकावून गेला.

इथपर्यंत सगळं झकास. इथे थांबले असते तर हा पराक्रम झाला असता, फजिती नव्हे. पण माझं तोंड!

नारळाच्या दुधाची चव बघायला मी चमचा तोंडापाशी नेला, आणि दारात देशमुख काकू! काकू आत आल्या, थबकल्या, आणि नाक वर करून हवेचा वास घेतला.

"वैशाली, इथे अंड्याचा वास येतोय का गं?"

सचिन माझ्यामागे उभा होता. तो हळूच फ्रीजच्या मागे सरकला.

"अंडं? छे हो काकू! आजच्या दिवशी?"

"नाही म्हटलं, तुम्ही आयटीतली पोरं. तुमच्या घरी पाळतात ना उपवास?"

आता इथे साधं "हो" म्हणायचं होतं. एक अक्षर! तेवढ्यावर भागत होतं. पण काकूंनी डोळे असे बारीक केले होते, आणि त्या डोळ्यांत मला गाळ्याचं शटर खाली येताना दिसलं. मी म्हटलं, "पाळतात म्हणजे काय काकू! माझा तर निर्जळी असतो!"

निर्जळी! पाण्याचा थेंबसुद्धा नाही! मी, जी अकराला काही खायला मिळालं नाही तर मीटिंगमध्ये लोकांवर ओरडते! माझ्या आईला विचारा, लहानपणी संकष्टीला मी दोन वेळा खिचडी खाऊन तिसऱ्यांदा विचारायचे, चंद्र आला का म्हणून.

"निर्जळी?" काकू माझ्या हातातल्या चमच्याकडे बघून म्हणाल्या, "मग हे काय?"

"वास घेत होते."

मी खरंच चमच्याचा वास घेतला. दोन्ही नाकपुड्यांनी. काकूंचा चेहरा मऊ झाला. आणि तेवढ्यात त्यांना दिसलं कोपऱ्यातलं पातेलं.

"अगं बाई! तांदूळ? आज?"

एकदा गाडी उताराला लागली की थांबते का? "तो उद्याचा आहे काकू! पारण्याचा! उपवास सोडायला उद्या सगळ्यांनी इथेच यायचं!"

काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं! त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. "पोटात पाण्याचा थेंब नाही, आणि दोन दिवस गावाला जेवू घालतेय पोर! आता मी इथेच बसते. तुला काही लागलं तर सांग हो."

आणि बसल्या की हो! किचनच्या दारात खुर्ची टाकून, बरोब्बर नळासमोर!

आता माझी अवस्था बघा. समोर पाच देशांचं गोड उकळतंय. शेगड्यांची धग. घशाला कोरड. आणि गोडाधोडाचा पॉप-अप करणारी बाई चमचा तोंडाला लावू शकत नाही! मी हिराबाईंकडे बघितलं. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मघाचं रताळंही त्यांनीच भरवलं होतं मला! त्यांनी काकूंकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि चव बघायला स्वतःच चमचा हातात घेतला. त्या क्षणी मला त्यांच्या पायाच पडावंसं वाटलं.

"हे लई ग्वाड झालंय," त्या म्हणाल्या. "मीठ टाक चिमूटभर."

"मीठ टाकतातच ह्यात. मलेशियात पण."

"मंग शाणी हायेत ती मान्सं. आन् हे कुटलं म्हनली?"

"जपानी रताळं."

"जपानी? हे माझ्या बांधावरचं रताळं हाय, सकाळी काढलंय! जपानी काय म्हनती! आन् नुस्तं ग्वाड ग्वाड काय, जरा हिरवी मिरची वाटून लाव की."

"हिराबाई, जपानमध्ये मिरची नाही लावत."

"जपान हितं येनार हाय का खायाला?"

लावली मिरची.

दुपारी दार उघडलं आणि लोंढा आत आला. सासूबाई, सुना, लॅपटॉप काखेत मारलेले जावई, दात नसलेल्या त्या आजी. पहिल्या पाच मिनिटांत जपानी रताळ्याची पहिली परात संपली. मी मनातल्या मनात गाळ्याला रंग कुठला द्यायचा ते ठरवायला लागले. आणि मग रांगेतून आवाज आला.

"तीळ? उपवासाला तीळ कुठे चालतात?"

हे बी विंगमधले कोल्हापूरचे पाटील.

"चालतात की! आमच्याकडे चालतात," नागपूरच्या एक बाई म्हणाल्या.

"आमच्या रत्नागिरीला नाही चालत हो. आणि हे डब्यातले शिंगाडे? शिंगाडा चालतो, पण डबा चालतो का?"

"नारळाच्या दुधात मीठ आहे म्हणे! साधं की सैंधव?"

"आमच्या लातूरला मिरची चालते, पण लाल नाही."

"लाल का नाही?"

"नाही म्हणजे नाही!"

बघता बघता रांग मोडली. लोक वाट्या हातात धरून भांडायला लागले. काकांनी हात वर करून "शांतता, शांतता" म्हटलं, तर त्यांनाच कुणीतरी विचारलं, "तुम्ही नगरचे, तुमच्याकडे वरीचे तांदूळ शिवरात्रीला खातात का?" काका म्हणाले "खातात", काकू म्हणाल्या "नाही खात", आणि आता त्या दोघांचंच जुंपलं. मलेशिया, जपान, थायलंड, सगळ्यांना एका टेबलावर आणायला मला एक सकाळ पुरली होती. आणि इथे महाराष्ट्र काही केल्या एका रांगेत उभा राहीना!

लोक वाट्या खाली ठेवायला लागले. काकांच्या कपाळावर आठ्या. माझा गाळा डोळ्यांदेखत इस्त्रीवाल्याकडे चालला होता. आणि मला ना, एकदम भयंकर राग आला. भुकेचा असेल, तहानेचा असेल. सकाळपासून राबतेय, घसा सुकून लाकूड झालाय, आणि हे तिळावरून भांडतायत! मी खुर्चीवर चढले.

"ऐका!" मी ओरडले. आवाज हिराबाईंच्या तोडीचा निघाला. "तीळ वेगळे, मिरची वेगळी, मीठ घातलेलं दूध वेगळं, बिनमिठाचं वेगळं. शिंगाडे त्या टोकाला. ज्याला जे चालतं त्याने ते आपल्या हाताने वरून घ्यायचं, आणि दुसऱ्याच्या वाटीत डोकावायचं नाही! मी सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नाही, आणि तुम्हाला तीळ सुचतायत?"

मग पाटील पुढे आले, मान खाली घातली आणि म्हणाले, "पोरीचं खरं आहे." आणि टाळ्या! अहो, टाळ्या! रांग पुन्हा लागली, आणि त्या रांगेत प्रत्येकाने आपापल्या गावाप्रमाणे वाटी सजवली. नागपूरने तीळ घेतले, लातूरने हिरवी मिरची घेतली, रत्नागिरीने नुसतं नारळाचं दूध तीन वेळा घेतलं. त्या दात नसलेल्या आजींनी साबुदाण्याची वाटी संपवली, बोट फिरवून चाटून घेतली आणि मला म्हणाल्या, "हे मलेशिया कुठे आलं गं? सासवडच्या पुढे का?"

संध्याकाळपर्यंत पातेली लख्ख. कवठाचा थेंब उरला नाही. काकांनी माइक हातात घेतला, मला पुढे बोलावलं, शाल घातली आणि हातात श्रीफळ दिलं. "आजच्या काळात," काका म्हणाले, "अशी श्रद्धा! स्वतः निर्जळी राहून ह्या मुलीने पाच देशांचा उपवास आपल्या दारात आणला. गेटजवळचा गाळा आजपासून वैशालीचा!"

माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. लोकांना वाटलं मला भरून आलंय. भरून कसलं येतंय, पोटात कावळे काव काव करून दमून झोपले होते! तरी आनंद झाला हो. खरंच सांगते, इतका आनंद मला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता. गर्दीत मागे उभ्या हिराबाई सगळ्यात मोठ्याने टाळ्या पिटत होत्या. घरी गेले, दार लावलं, नळाखालीच तोंड धरलं. मग सचिनसाठी बाजूला ठेवलेली वाटीसुद्धा मीच खाल्ली. ऑम्लेट प्रकरणानंतर बोलायला त्याला तोंडच नव्हतं.

आणि दुसऱ्या दिवशी? पारणं! जो भात बघून माझी बोबडी वळली होती, त्याच इंद्रायणीचा आंबाभात, त्याच मोच्या, त्याच कोरियन पोळ्या लोकांनी उपवास सोडायला अक्षरशः ओरबाडून नेल्या. म्हणजे एका चुकीच्या तारखेवर मी दोन दिवस मैदान मारलं! हिराबाईंनी तर गेटवर आरोळीच बदलली: "जपानी रताळी घ्या, जपानी! आजच काढलेली!"

गाळा सुरू झाला, चांगला चालला. अजून चालतोय, देवाची कृपा. हिंजवडीहून कंपनीच्या कॅब वाट वाकडी करून थांबतात. उपवासाच्या दिवशी तर विचारूच नका, वाकडहून लोक येतात.

फक्त एक भानगड झाली. गाळ्याच्या बरोब्बर समोर, पहिल्या मजल्यावर, देशमुख काकूंची खिडकी उघडते.

आलं लक्षात? चतुर्थी असो, एकादशी असो, आख्ख्या जांब्याला माहीत आहे की वैशालीचा उपवास कडक. निर्जळी! दिवसभर मी साबुदाणा हलवतेय, केळी परततेय, लोकांना वाट्या भरभरून देतेय, आणि स्वतः? खिडकीकडे बघते आणि चमच्याचा वास घेते. चव अजून हिराबाईच बघतात. पाणी प्यावंसं वाटलं तर शटरमागे जाते, आणि शटरमागे गेले की वरून हाक येतेच, "वैशाली, बरी आहेस ना गं?" असे किती उपवास झाले म्हणून विचारू नका. मोजायची ताकद राहत नाही.

मग परवाची चतुर्थी. दुपारची वेळ, गाळ्यात कुणी नाही. काकू खाली आल्या, इकडेतिकडे बघितलं, आत येऊन माझ्याजवळ बसल्या आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "तुला एक सांगू? मनाला लागून राहिलंय. कुणाला बोलू नकोस हं."

"काय झालं काकू?"

"अगं, मला पित्ताचा त्रास. डॉक्टरांनी उपवास केव्हाचे बंद केलेत. त्या शिवरात्रीला पण मी घरून वाटीभर कांदेपोहे खाऊनच आले होते! तुला बघितलं आणि मेली लाजच वाटली मला. म्हणून तर तुझ्या समोरून हलले नाही दिवसभर. म्हटलं, आपल्याकडून होत नाही, निदान करणारीजवळ बसावं, तेवढंच पुण्य. अजूनही तुझा उपवास असला ना, की खिडकीतून तुला बघत बघतच माझे पोहे खाते. तुझ्यासारखी श्रद्धा सगळ्यांना कुठे जमते बाई!"

कांदेपोहे! कांदा घालून! त्या शिवरात्रीला किचनच्या दारात माझ्यावर पहारा ठेवून बसलेल्या काकूंच्या पोटात कांदेपोहे होते!

आता मी माझं खरं कसं सांगणार? गाळा त्यांनी दिलेला, शाल कपाटात, आणि माझ्या निर्जळीची कीर्ती पार शेजारच्या माण गावापर्यंत पोचलेली. मी गोड हसले आणि आवंढा गिळला.

तोही कोरडाच. चतुर्थी होती ना!